मायेला हवी शास्त्राची जोड

पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातली दोन गावे आमच्या घराच्या जिव्हाळ्याची. रोह्याला काकांचे घर, पेणला आजोळ. काही वर्षांपूर्वी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. जन्मभर शाळेत शिकविणारा, रोज पहाटे कुंडलिकेच्या काठाने फेरी मारणारा माणूस एका रात्रीत अंथरुणाला खिळला. मुंबईच्या एका रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि प्राण वाचले. सतराव्या दिवशी त्यांना घरी सोडण्यात आले तेव्हा आमच्या हातात औषधांची यादी होती, पुन्हा दाखवायला येण्याची तारीख होती, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या नोंदी होत्या. परंतु पुढचे कित्येक महिने या माणसाला कुशीवर कोणी, किती वेळाने आणि कसे वळवायचे, याविषयी त्या कागदांवर एक ओळही नव्हती.

काकूंनी सेवेत काही उणे ठेवले नाही. रात्र रात्र जागून काढल्या, वेळच्या वेळी पेज भरवली, अंग पुसले, पावडर लावली. दहाव्या दिवशी चादरीला दुर्गंध येऊ लागला म्हणून काकांना प्रथमच पूर्ण कुशीवर केले, तो माकडहाडावर तळहाताएवढी काळी पडलेली कातडी दिसली. तिच्याखाली खोल जखम होती. त्याच आठवड्यात, काकांना एकटीने बगलेत धरून वर सरकवताना काकूंच्या कमरेत अशी उसण भरली की पंधरा दिवस त्यांना उठता येईना. एका घरात एकाचे दोन रुग्ण झाले.

आजोळच्या ओळखीच्या एक निवृत्त परिचारिका पेणहून आल्या. जखम पाहून त्या कोणावर रागावल्या नाहीत. मला त्यांनी एवढेच विचारले, "तू पेणचा भाचा ना? कारखान्यात ओली मूर्ती कोणी हाताला धरून उचललेली पाहिली आहेस का?" मी नाही म्हटले. "पाटाखाली हात घालतात, दोघे मिळून उचलतात, बरोबर ना? मग काकांना एकटीने बगलेत धरून का ओढता?" त्या दुपारी तीन तासांत त्यांनी घरातल्या पाच माणसांना जे शिकवले, ते आम्हांला सतरा दिवस आधी कळले असते तर ती जखम बहुधा झालीच नसती. भरून येण्यास तिला आठ महिने लागले.

हा लेख त्या तीन तासांविषयी आहे. आपल्या समाजात सेवावृत्तीचा तुटवडा नाही. आईवडिलांसाठी नोकरीवर पाणी सोडणारी मुले आणि सासूसासऱ्यांसाठी झिजणाऱ्या सुना आजही घरोघरी आहेत. उणीव आहे ती सेवेच्या विद्येची. माया असूनही विद्या नसली म्हणजे काय होते, हे काकूंच्या कमरेवरून आणि काकांच्या पाठीवरून आम्ही पाहिले.

चरकांनी क्रम काय सांगितला?

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, शुश्रूषा करणारा परिचारक आणि स्वतः रोगी. परिचारकाला वैद्याच्या बरोबरीने चिकित्सेचा एक पाय मानणे, हीच मोठी दृष्टी आहे. या परिचारकाचे चार गुण चरकांनी दिले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. अनुराग म्हणजे माया ही यादीत तिसरी आहे. पहिल्या स्थानी उपचारज्ञता, म्हणजे शुश्रूषा कशी करावी याचे ज्ञान, आणि दुसऱ्या स्थानी हातातले कसब. सुश्रुतांनी तर व्रणिताच्या उपासनेसाठी स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात रुग्णाची शय्या ऐसपैस आणि नीट अंथरलेली असावी, उठता-बसताना व कूस बदलताना व्रण जपावा, आणि जवळ गोड बोलणारे स्नेही असावेत, असे सांगितले आहे.

आयुर्वेदाचा अभिमान आपण वारंवार बोलून दाखवतो. पण घरातील रुग्णाच्या बाबतीत आपण चरकांचा क्रम उलटा केला आहे. मायेवर सगळा भार टाकला आणि ज्ञान व कसब हे 'डॉक्टरांचे काम' म्हणून बाजूला ठेवले. डॉक्टर आठवड्यातून फार तर पाच मिनिटे रुग्णाजवळ असतात. उरलेले सगळे तास घरच्यांचे असतात. शय्याव्रण, ज्याला आपण बोलण्यात बेडसोअर म्हणतो, तो त्या उरलेल्या तासांत होतो.

जखम होते कशी?

आपण निरोगी माणसे झोपेतही नकळत कूस बदलत असतो. एका जागी दाब वाढला की शरीरच सूचना देते. अर्धांगवायू, मणक्याची इजा, खुब्याचे हाड मोडणे, स्मृतिभ्रंश किंवा पराकाष्ठेचा अशक्तपणा यांत ही सूचना तरी मिळत नाही किंवा मिळूनही वळता येत नाही. त्वचेतील केशवाहिन्यांमधला दाब साधारणपणे ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका मानला जातो. हाड आणि कठीण अंथरूण यांच्यामध्ये सापडलेल्या मांसावर त्याहून पुष्कळ अधिक दाब पडतो. केशवाहिन्या मिटतात, रक्त पोहोचत नाही आणि काही तासांतच तेथील पेशी मरू लागतात. म्हणून या जखमा माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरे, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू अशा हाडांच्या उंचवट्यांवर होतात.

ही जखम पुष्कळदा आतून बाहेर येते. हाडालगतचे मांस आधी मरते आणि कातडीवर त्याची खूण दोन-तीन दिवसांनी उमटते. काकांना भाड्याच्या जीपमध्ये फळीवर निजवून आम्ही मुंबईहून रोह्याला आणले. खड्डे चुकवत पाच तास लागले आणि त्या पाच तासांत त्यांना एकदाही वळवले नाही. जखमेचे बीज कदाचित तिथेच पडले असेल. क्ष-किरणाच्या टेबलावरील खोळंबा, स्ट्रेचरवरील प्रतीक्षा, शस्त्रक्रियेचे तास हे सगळे या हिशेबात धरावे लागते.

दाबाच्या जोडीला दुसरा शत्रू असतो तो घसटण्याचा. पलंगाची डोकेबाजू उंच करून रुग्णाला बराच वेळ बसते ठेवले की शरीर हळूहळू खाली घसरते. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतले हाड पुढे सरकते. त्या ओढाताणीत आतल्या रक्तवाहिन्या पिळवटतात. मग आपण त्याला बगलेत धरून फरपटत वर ओढतो आणि तेच पुन्हा घडते. तिसरा शत्रू ओल. कोकणातील दमट हवा, रेक्झीनच्या खोळीवर साठणारा घाम, वेळेवर न बदललेली लघवीची चादर यांनी कातडी भिजून नाजूक होते. चौथा शत्रू कुपोषण. आजाऱ्याला पेज द्यायची ही आपली जुनी रीत एक-दोन दिवसांच्या तापासाठी ठीक होती. महिनोन्महिने निजून असलेल्या माणसाची कातडी नुसत्या भाताच्या पेजेवर टिकत नाही. त्याला वरण, कुळथाचे पिठले, दूध, दही, आणि ज्या घरी चालते तेथे अंडे व मासळी लागते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

पहिली खूण म्हणजे लाली. ती बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी पडली नाही तर इजा सुरू झाली असे समजावे. आपल्या सावळ्या कातडीवर ही लाली पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून डोळ्यांइतकाच हाताचा विश्वास धरावा. शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम, थंड, घट्ट किंवा पिळपिळीत लागते का, दुखते का, रंग जांभळट झाला आहे का, हे रोज सकाळी उजेडात पाहावे. अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २०१६ मध्ये या विकाराच्या नावातून 'व्रण' हा शब्द काढून 'दाबाने झालेली इजा' असे नाव दिले, ते याचसाठी. कातडी फाटण्यापूर्वीच इजा झालेली असते आणि ती तेव्हाच ओळखायची असते.

इतिहासाची साक्ष

शय्याव्रण हा अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा अटळ भोग आहे, अशी समजूत आपल्याकडेच होती असे नाही. पहिल्या महायुद्धात मणक्याला इजा झालेले बहुतेक सैनिक लवकरच मृत्यू पावत. मृत्यूची कारणे मुख्यतः दोन : शय्याव्रणातून पसरणारा जंतुसंसर्ग आणि मूत्रमार्गाचा संसर्ग. असे सैनिक वाचायचे नाहीत, हे डॉक्टरांनीही मान्य केले होते. हिटलरच्या जर्मनीतून १९३९ मध्ये परागंदा झालेले ज्यू वैद्य लुडविग गुटमान यांनी ही समजूत मोडली. १ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे त्यांच्याकडे मणक्याच्या रुग्णांचा विभाग सोपवण्यात आला. त्यांनी दिवसा आणि रात्रीही दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलण्याची शिस्त लावली. रात्री ती पाळली जाते की नाही हे ते स्वतः येऊन पाहत. यात कोणतेही नवे औषध किंवा महागडे यंत्र नव्हते. मरणाची वाट पाहणारे तरुण वाचू लागले, बसू लागले, कामधंद्याला लागले. त्यांच्याच खेळांच्या स्पर्धा १९४८ मध्ये तिथे सुरू झाल्या आणि त्यांतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले.

या कथेचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झालेले सैनिक. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून अशा सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र चालते. शरीराचा अर्धा भाग निकामी झाला तरी उरलेले आयुष्य पुरुषार्थाचे असू शकते. मात्र त्यासाठी आधी पाठीची कातडी शाबूत राहावी लागते.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवावी. 'सुपरमॅन'ची भूमिका करणारे अमेरिकी नट ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली अपंग झाले. पैसा, सेवक, साधने कशाचीच वाण नव्हती. तरीही १० ऑक्टोबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा संसर्ग झालेल्या शय्याव्रणावर त्यांचे उपचार सुरू होते. या शत्रूशी एकदा लढून भागत नाही, रोज लढावे लागते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच शय्याव्रणाचा दोष रोगापेक्षा शुश्रूषेकडे जातो असे म्हटले होते. ते बव्हंशी खरे आहे. परंतु आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत शरीराचे सारेच व्यवहार मंदावतात तेव्हा उत्तम शुश्रूषा असूनही कातडी टिकत नाही, हेही आज मान्य झाले आहे. म्हणून पाठीवर जखम दिसली की सुनेकडे बोट दाखवण्याची घाई कोणी करू नये. तिला कोणी शिकवले होते का, तिच्या जोडीला रात्री कोणी उठत होते का, हे आधी विचारावे.

घरात काय करावे?

त्या निवृत्त परिचारिकेने आम्हांला शिकवलेल्या आणि पुढे डॉक्टरांकडून पडताळून घेतलेल्या गोष्टी येथे देतो.

पलंग भिंतीपासून दूर घ्यावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी उभे राहता येते. त्याच्या पायांखाली पक्क्या लाकडी ठोकळ्या देऊन उंची आपल्या कमरेच्या जवळपास आणावी. कंबर मोडते ती बहुधा वाकून काम केल्यामुळे. रुग्णाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत एक दुपदरी चादर आडवी घालावी. जुने, मऊ पण मजबूत नऊवारी लुगडेही चालते. वर सरकवताना दोघांनी दोन बाजूंना उभे राहून चादरीच्या कडा रुग्णाच्या अंगालगत गुंडाळून धराव्यात, गुडघे वाकवावेत, पाठ सरळ ठेवावी आणि 'एक, दोन, तीन' म्हणून दोघांनी एकाच वेळी सरकवावे. हाच पेणच्या कारखान्यातला पाट. अर्धांगवायूच्या रुग्णाला दुबळ्या हाताला किंवा बगलेला धरून कधीही ओढू नये; त्याचा खांदा निखळू शकतो.

एकट्याने कुशीवर घ्यायचे असेल तर ज्या बाजूला वळवायचे त्या बाजूला उभे राहावे. रुग्णाचा पलीकडचा हात छातीवर आणावा, पलीकडचा गुडघा वाकवावा, पलीकडचा खांदा आणि खुबा यांवर आपले हात ठेवून त्याला आपल्याकडे वळवावे. काय करणार आहोत हे त्याला आधी सांगावे. ऐकू येते पण बोलता येत नाही असा माणूसही घाबरतो. मणक्याची ताजी इजा असेल तर मात्र डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे तिघा-चौघांनी मान आणि पाठ एका रेषेत ठेवूनच वळवावे. अमेरिकेतील कामगार-सुरक्षेच्या तज्ज्ञांनी २००७ मध्ये सुचवलेली मर्यादा अशी आहे की रुग्ण हलवताना एका माणसावर सुमारे १६ किलोपेक्षा अधिक भार येऊ नये. साठ किलोच्या सासऱ्यांना एकटीने उचलणाऱ्या पंचेचाळीस किलोच्या सुनेकडून आपण काय मागत असतो, याचा विचार यावरून करावा.

पूर्ण कुशीवर आडवे ठेवल्यास सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. म्हणून पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंशांचाच कल द्यावा. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. पोटऱ्यांखाली उशी अशी द्यावी की टाचा अधांतरी राहतील. डोकेबाजू ३० अंशांपेक्षा उंच फार वेळ ठेवू नये. मात्र भरवताना आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास रुग्णाला बसते ठेवणे आवश्यक असते. दर दोन तासांनी कूस बदलावी आणि वेळ व बाजू भिंतीवरच्या कागदावर लिहावी. गादी चांगल्या दाट फोमची असेल आणि कातडी निर्दोष राहत असेल तर हे अंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवता येते, म्हणजे रात्री घरच्यांनाही झोप मिळते. चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून बैठकीवरचा भार हलका करावा.

काय करू नये तेही सांगतो. लाल झालेली जागा चोळू नये. आतली इजा वाढते. मधे भोक असलेले रबरी कडे माकडहाडाखाली ठेवू नये. त्याच्या कडेवरच दाब वाढून मधला रक्तप्रवाह आणखी घटतो. टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवण्याची पद्धत कित्येक ठिकाणी आहे, तीही निरुपयोगी. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, पावडरीचे घामाने गोळे होतात. उघड्या जखमेत हळद, राख, तेल घालू नये. काळा थर, दुर्गंध, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हवेच्या गादीविषयी मोठा गैरसमज आहे. ती घेतली म्हणजे कूस बदलायला नको, असे लोकांना वाटते. ती मदत करते, पण माणसाच्या हातांची जागा घेत नाही. शिवाय ती विजेवर चालते. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडमधील कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात होती. अशा वेळी पंप बंद पडतो आणि गादी बसते. पावसाळ्यात वीज जाणे आपल्याला नवीन नाही. तेव्हा फोमची गादी आणि घरच्यांचे शिकलेले हात हाच खरा आधार.

प्रश्न एका घराचा नाही

रायगडच्या या पट्ट्यात अंथरुणाला खिळलेली माणसे कमी नाहीत. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या मार्गाने जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, ज्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू होऊन वर्षानुवर्षे रेंगाळले, तेथील अपघात. नारळ-आंब्याच्या झाडांवरून पडून मोडलेले मणके. मधुमेह आणि रक्तदाबातून येणारा अर्धांगवायू. आणि या सर्वांच्या जोडीला म्हातारपण. मुले मुंबई-ठाणे-पुण्याला चाकरी करतात आणि वाड्यात दोन वृद्ध उरतात. त्यांतला एक पडला की दुसऱ्याने त्याला उचलायचे! एकत्र कुटुंबाचे गोडवे गाऊन हा प्रश्न सुटणार नाही. जेथे कुटुंब अपुरे पडते तेथे समाजाने कुटुंब व्हावे लागते.

केरळमध्ये मलप्पुरम आणि कोळिक्कोड भागांत शेजाऱ्यांनीच हे काम हाती घेतले. प्रशिक्षित स्वयंसेवक आणि परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या आणि २००८ मध्ये त्या राज्याने त्यासाठी स्वतंत्र धोरण केले. आपल्याकडे कागदावर योजना नाहीत असे नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. घरी खिळलेल्या वृद्धांना भेट देणे हा त्याचा भाग आहे. परिहार सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात तर अधिक आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी मदतनीस-भत्त्याची तरतूद आहे. हे सारे गावातल्या एका अंथरुणापर्यंत पोहोचते का, हे विचारण्याचे काम आपले आहे.

या संदर्भात चार गोष्टींचा आग्रह धरावा असे वाटते. पहिली, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी घरातील किमान दोन माणसांनी परिचारिकेसमोर त्याला वळवून आणि सरकवून दाखवावे. त्याशिवाय रुग्णालयाने त्याला सोडू नये आणि आपणही नेऊ नये. पेण आणि रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयांत आणि अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात याचा आरंभ करता येईल. त्याला वेगळा निधी लागत नाही. दुसरी, आशा सेविका आणि आरोग्यसेविका यांच्या गृहभेटीत रुग्णाची पाठ आणि टाचा पाहणे हा ठरलेला भाग असावा.

तिसरी गोष्ट आपल्याच घरची आहे. जनकल्याण समितीसारख्या संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चालतात. नाममात्र मूल्यात पलंग, गादी, चाकांची खुर्ची मिळते. हे काम मोलाचे आहे. परंतु पलंग टेम्पोत चढवून दिला की आपली सेवा पूर्ण झाली असे मानणे ही अर्धीच सेवा. प्रत्येक पलंगाबरोबर एक तासाचा पाठ द्यावा आणि आठवड्याने एका कार्यकर्त्याने घरी जाऊन पाहावे. चौथी, गणेशोत्सव मंडळांनी मंडपाच्या खर्चातून थोडे बाजूला काढून वर्षातून एकदा अर्ध्या दिवसाचा शुश्रूषावर्ग घ्यावा. ज्या पेणच्या मूर्ती देशोदेशी जातात, तेथे जिवंत मूर्ती कशी उचलावी याचे शिक्षण प्रथम मिळाले तर ते शोभून दिसेल.

आणि या वर्गात पुरुषांनी पुढच्या रांगेत बसावे. 'हे बायकांचे काम' असे म्हणून किंवा 'ब्युरोतून मावशी आणू' असे म्हणून मोकळे होणाऱ्यांना पेण तालुक्यातल्याच एका सुपुत्राची आठवण द्यावीशी वाटते. ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे येथे जन्मलेले विनोबा १९४६ पासून पवनारजवळच्या सुरगावात रोज चालत जाऊन मैला उचलत होते. गीतेवर प्रवचने देणाऱ्या त्या हातांना ते काम हलके वाटले नाही. वडिलांचे भांडे उचलताना आपल्यालाही संकोच वाटण्याचे कारण नाही. पैसे देऊन आणलेल्या मावशींनाही हे शास्त्र कोणी शिकवलेले नसते. त्यांच्याही कमरेची काळजी आपणच घ्यायची असते.

काकांची जखम भरल्यावर ते तीन वर्षे होते. शेवटच्या वर्षी ते खुर्चीत बसून अंगणातल्या मुलांना गणित सांगत. रात्री दोनचा गजर झाला की आम्ही भाऊ पाळीपाळीने उठत असू आणि चादरीच्या कडा धरत असू. काकूंनी त्या कागदाच्या वह्या अजून जपून ठेवल्या आहेत : सहाला डावी कूस, आठला पाठ, दहाला उजवी कूस. औषधांची यादी केव्हाच हरवली.